जिभेखालची दहा मिनिटं

माझा नवरा गोळी घेतो. रोज सकाळी अकरा वाजता, जिभेखाली. आधीच सांगून टाकते, म्हणजे मग कोणी मध्येच "अगंबाई, हो का?" करत गालावर हात ठेवायला नको. घेतो आणि घेणार. ज्याच्या पोटात दुखत असेल त्याने ओवा खावा.

मी खारदांड्याची सून. वाकोल्याच्या बाजारात माझी बसायची जागा आहे. तीस वर्षं तिथे मासळी विकतेय आणि गिऱ्हाइकाशी दोन शब्द वाजवल्याशिवाय माझा दिवस जात नाही. नवरा डोलीच्या होडीवर. डोल म्हणजे पिशवीसारखं लांबलचक जाळं. ते समुद्रात धारेच्या तोंडाला बांधून ठेवतात, पाणी वाहतं आणि मासळी आत जाते. होडी माझ्या मोठ्या दिरांची. तेच तांडेल, होडीवर त्यांचा शब्द शेवटचा. नवरा त्यांचा धाकटा भाऊ आणि त्यांच्याच हाताखालचा खलाशी.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मला कळलं. घरात कोणी सिगारेट ओढत नव्हतं, पण पाकिटातले चांदीचे कागद सापडायचे, कधी गादीखाली, कधी माळ्यावर. मी आपली कचऱ्यात टाकायचे. मग एकदा दुपारी बाजारातून लवकर आले आणि तो मोरीत उकिडवा बसलेला दिसला. कागदावर तपकिरी भुकटी, खाली पेटलेली काडी, तोंडात नळी. गर्द. याला पन्नी मारणं म्हणतात हे मला तोवर माहीतही नव्हतं. मी हातातली पाटी तशीच त्याच्या अंगावर फेकली. बर्फाचं पाणी सगळं त्याच्या डोक्यावर, आणि तो माझ्याकडे बघून रडायला लागला. मला त्याचा इतका राग आला आणि इतकी कीव आली की मी पण खाली बसून रडले.

पुढची कित्येक वर्षं आमच्या गल्लीत मला एकच प्रश्न होता. बाकीच्या बायका एकमेकींना "जेवलीस का?" विचारतात, मला विचारायच्या, "सोडली का गं त्याने?"

सोडायला हा कधीच आळशी नव्हता. देवीसमोर सोडली, आईच्या पायावर हात ठेवून सोडली, एकदा तर चौकात सगळ्यांसमोर कान धरून सोडली. सोडली की दुसऱ्या दिवशी नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात पीळ, पाय झाडत राहायचा. अंग फोडून काढल्यासारखं दुखतंय म्हणायचा. तिसऱ्या दिवशी गायब. मग सगळे म्हणायचे, बघ, शपथ मोडली, याला काही लाजच नाही. अरे, लाज होती म्हणून तर दर वेळी शपथ घ्यायचा! निर्लज्ज माणूस कशाला शपथा घेत बसेल?

मला कोणीतरी अंधेरीच्या बाजूच्या एका केंद्राचं सांगितलं. तिथे गर्द सोडायला बदली औषध देतात म्हणे. बदली हा शब्द मला लगेच पटला. होडीवर एखादा खलाशी आजारी पडला तर बदलीचा माणूस घेतात, जाळं काही पाण्यात सोडून देत नाहीत. मी त्याला हाताला धरून नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई घाटावरच्या. बोलणं मऊ, शब्द एकेक सुटा. त्यांनी समजावलं, ही बुप्रेनॉर्फिनची गोळी, जिभेखाली विरघळवायची. अंगातल्या कळा थांबतील, गर्दची ओढ कमी होईल, पण नशा तशी येणार नाही. एकच अट. शेवटचा गर्द घेऊन निदान बारा तास झालेले हवेत, कळा चांगल्या सुरू झालेल्या हव्यात. मग त्यांनी याला विचारलं, "शेवटचं कधी घेतलंत?"

हा म्हणाला, "एक पाणी झालं, मॅडम."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "एक पाणी म्हणजे?"

आणि मी शहाणी! लगेच तोंड उघडलं. "म्हणजे भरती ते भरती. बारा तास झाले."

आता हे नीट ऐका, कारण सगळी वाट इथे लागली. मी बाजारातली बाई. मला पाणी म्हणजे होडी एका भरतीला गेली आणि दुसऱ्या भरतीला आली, की झालं एक पाणी. मासळी हातात येते तेव्हा मी मोजते. डोलीवर राबणाऱ्याला पाणी म्हणजे एकच धार. भरतीचं एक पाणी, सुकतीचं म्हणजे ओहोटीचं दुसरं. जाळं धारेच्या तोंडाला असतं, धार फिरायच्या आत ते उचलायचं असतं, म्हणून त्याचं पाणी सहा तासांचं. एका घरात, एका ताटात जेवणारी आम्ही दोघं, आणि इतक्या वर्षांत आमची दोघांची पाणी वेगळी आहेत हे आम्हाला कधी कळलंच नव्हतं. वेळच आली नव्हती.

तो अस्वस्थ दिसत होता, जांभया देत होता, नाक ओढत होता. आमचं बोलणं त्याच्या कानात शिरतच नव्हतं. बाईंना वाटलं कळा सुरू झाल्या. नर्सने गोळी जिभेखाली ठेवली. अर्ध्या तासात तो खुर्चीवरून खाली आला. उलट्या, जुलाब, घामाने भिजलेला, सगळ्या अंगावर काटा, आणि ओरडणं असं की बाहेर बसलेले लोक उठून निघून गेले. तीन दिवसांच्या कळा जणू एका तासात आल्या होत्या.

बाई घाबरल्या नाहीत, त्याच्याजवळ बसून राहिल्या. मला सांगितलं, ही गोळी ताकदीची आहे. अंगातला गर्द जिथे बसलेला असतो तिथून त्याला उठवते आणि स्वतः बसते. गर्द पुरता भरलेला असताना दिली तर तो सगळा एकदम उठतो, आणि ही त्याची जागा अर्धीच भरते. उद्यापर्यंत उतरेल, परवा या, आपण पुन्हा नीट सुरू करू. पण हा म्हणाला, मरेन, पण ती गोळी तोंडात घालणार नाही.

गावात दुसऱ्या दिवशी बातमी. ती गोळी विषारी आहे, त्या बाईने ह्याला जवळजवळ मारला. आणि मी गप्प. रात्री तो कण्हत "पहाटेच ओढलं होतं" म्हणाला तेव्हा मला कळलं, चूक माझ्या तोंडाची होती, पण ते मी कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, दिरांना नाही. आमच्याकडच्या एकदोन घरांतली माणसं त्या केंद्रात जाणार होती, तीही थांबली. इतकी बडबडी बाई मी, आणि नेमकं बोलायचं तेव्हा दातखीळ बसली होती. त्याची मला आजही लाज वाटते.

मग गोवंडीच्या बाजूला दुसरं केंद्र मिळालं. तिथलं औषध पातळ, मेथाडोन. कळांची वाट बघत बसावं लागलं नाही. थोड्यावर सुरू केलं आणि हळूहळू वाढवलं. हृदयाची पट्टी काढून बघितली. दारू नको, झोपेची गोळी तर अजिबात नको, नाहीतर श्वासच बंद होईल, असं दहादा बजावलं. हे औषध जोराचं, घरी द्यायचं नाही, रोज समोर प्यायचं. प्यायल्यावर तोंडात काही धरून ठेवलं नाही ना हे बघायला नर्स म्हणायची, "बोल काहीतरी." हा म्हणायचा, "बोंबील." दुसऱ्या दिवशी "सुरमई." तिसऱ्या दिवशी "मांदेली." ती नर्स एकदा मला म्हणाली, तुमच्या नवऱ्यामुळे मला सगळी मासळी पाठ झाली.

त्या औषधाला मी नाव ठेवणार नाही. खोटं कशाला बोलू? त्याने माझा माणूस परत आणून दिला. पहिले काही दिवस डोळे जड असायचे, पोट साफ व्हायचं नाही, घाम यायचा. पण तो झोपायला लागला, जेवायला लागला, गालावर मांस चढलं. एकदा मी वाटण वाटत होते तर मागून येऊन म्हणाला, "आज कालवणाचा वास येतोय." कितीतरी वर्षांनी ह्याला वास आला होता.

घोडं पेंड खात होतं ते दुसऱ्याच ठिकाणी. केंद्राची वेळ दहा ते एक. समुद्राची वेळ केंद्र ठरवत नाही. आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, आणि पुनवेला-अवसेला अकरा-बाराच्या आसपास. आणि डोलीचं खरं काम पुनवेअवसेच्या उधाणातच, तेव्हाच धारेला जोर असतो. म्हणजे ज्या दिवशी मासळी असेल त्याच दिवशी, त्याच वेळी, हा गोवंडीला रांगेत. महिन्यातून उरले ते भांगाचे दिवस, पाणी मेलेलं, जाळ्यात काही येत नाही.

दिरांनी त्याच्या जागी बदलीचा माणूस घेतला. घेणारच, होडी काय आमच्यासाठी थांबेल? आठ महिने हा किनाऱ्यावर जाळी विणत बसला. गर्द बंद होता, पण होड्या सुटल्या की मान वर करत नव्हता. मी म्हणायचे, जिवंत आहेस ना, पुरे. तो म्हणायचा, "तुला काय कळतंय? मी बायकांसारखा काठावर बसलोय." मी म्हटलं, "बायका काठावर बसत नाहीत रे, बायका बाजारात बसतात आणि तुला पोसतात." तो हसला, पण मला कळलं की हे टिकणार नाही. एका उधाणाला तो औषध चुकवून होडीवर गेला. दोन दिवस चुकवलं. तिसऱ्या दिवशी पन्नी.

तेव्हा मोठे दीर मध्ये पडले. त्यांच्याबद्दल वाईट ऐकायची तुमची इच्छा असेल तर ती माझ्याकडून पूर्ण होणार नाही. ह्या भावाला त्यांनी गटाराकाठून खांद्यावर उचलून आणलंय, एकदा नाही, चारदा. त्यांचं म्हणणं एवढंच, की औषधाच्या नावाखाली नशाच चालू आहे. ते म्हणाले, "एक विष काढून दुसरं घालायचं? आगीतून फुफाट्यात? मला खरं औषध पाहिजे."

त्यांना एका डॉक्टरकडून खरं औषध सापडलं. नाल्ट्रेक्सोन. ह्या गोळीत नशेचा अंशही नाही, उलट ती असली की गर्द घेतला तरी चढत नाही. दारालाच कुलूप. पण आठ-दहा दिवस अंग पूर्ण कोरडं पाहिजे, तोवर सुरू करता येत नाही. ते दिवस दिरांनी त्याला स्वतःच्या खोलीत ठेवलं. स्वतः होडीवर गेले नाहीत. त्याची ओकारी काढली, त्याचे पाय दाबले, दाराला पाठ लावून बसले. असा भाऊ मी दुसरा बघितला नाही.

तीन महिने सगळं झकास. हा होडीवर, दीर खुश, गल्ली खुश. "सोडली!" सगळ्यांना सांगून झालं. फक्त माझा नवरा खुश नव्हता. तो मला म्हणाला, "कुलूप आहे गं, पण मी आत भुकेलाच बसलोय." मी म्हटलं, सवय होईल. मला तरी कुठे माहीत होतं? त्याने गोळी गालात धरून थुंकायला सुरुवात केली. आठवडाभर. मग गर्द विकणाऱ्या जुन्या माणसाकडे गेला आणि जुन्या मापानेच घेतलं.

भर दुपारी मला तो बोंबील वाळत घालायच्या वलांडीमागे सापडला. वर बांबूंवर बोंबील लटकलेले, खाली हा. ओठ जांभळे. छाती हलत नव्हती, मग एकदा हलली, मग पुन्हा नाही. मी त्याच्या तोंडात मारत होते, हाका मारत होते, शिव्या देत होते. दीर धावत आले, आम्ही त्याला रिक्षात घातलं. हॉस्पिटलात इंजेक्शन दिलं आणि तो उठून बसला, आणि "कुठे आहे मी?" म्हणाला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, महिनोन्महिने कोरडं राहिलेल्या अंगाची सहन करायची ताकद गेलेली असते. कालचं माप आज मरण असतं. सोडलेला माणूसच जास्त मरतो, ताई.

सोडलेला माणूसच जास्त मरतो. मी ते कॉरिडॉरमध्ये उभी राहून ऐकलं आणि डोक्यात तिडीक गेली. आम्ही सगळ्यांनी मिळून इतकी वर्षं त्याला जे कर कर म्हणून सांगितलं होतं, त्यानेच तो मेला असता. दीर भिंतीला डोकं टेकवून रडत होते. "मी दहा दिवस धरून ठेवला होता गं त्याला," एवढंच पुन्हा पुन्हा.

आठवड्यात तो पुन्हा पन्नीवर आला, तेव्हा मी अंधेरीच्या त्या पहिल्या केंद्रात गेले. एकटी. डॉक्टरीणबाई तिथेच होत्या, केस पांढरे झालेले. मी खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं, "मॅडम, त्या दिवशीचं पाणी सहा तासांचं होतं. मी तुम्हाला बारा सांगितलं." आणि मी हमसून हमसून रडले. बाई म्हणाल्या, "मी घड्याळाची वेळ विचारायला हवी होती. मलाही पाणी म्हणजे पाणीच वाटलं." त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. पुढे मी बघितलं, कोळीवाड्यातलं कोणी आलं की त्या आधी विचारतात, "घड्याळात किती वाजले होते?"

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. मला वाटलं हात उगारेल. तो म्हणाला, "म्हणजे गोळी वाईट नव्हती?" मी म्हटलं, "नाही रे. मी वाईट होते." तो म्हणाला, "तू कसली वाईट? तू बाजारातली आहेस."

ह्या वेळी घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं. पूर्ण एक दिवस. कळा येऊ दिल्या, मी शेजारी बसले. मग गोळी. तासाभरात त्याचे पाय शांत झाले. तीन दिवसांत तो नीट जेवला. सुरुवातीला रोज केंद्रात जायचो, नर्स गोळी चुरून जिभेखाली ठेवायची. ही औषधांची पण गंमत बघा, गोवंडीला "बोल" म्हणायचे, इथे "बोलू नको" म्हणायचे. दहा मिनिटं तोंड बंद. बोललं, गिळलं, चहा प्यायलं, की गोळी पोटात जाते आणि वाया जाते. काही महिन्यांनी गाडी रुळावर आली तेव्हा बाईंनी आठवड्याच्या गोळ्या घरी द्यायला सुरुवात केली. जास्त घेतली तरी एका मर्यादेपुढे हिचा जोर चढत नाही, म्हणून मेथाडोनपेक्षा ही घरी देणं बरं. दारूबरोबर मात्र हीसुद्धा नको, हे बजावलंच. गोळ्या माझ्या डब्यात, कुलपात. आणि हा होडीवर! भरती कधीही असो, अकरा वाजले की समुद्राच्या मध्यावर सुद्धा जीभ वर, गोळी खाली.

सुट्टीच्या दिवशी ती दहा मिनिटं माझी. त्याला उत्तर देता येत नाही ना! आठवड्याचं सगळं भांडण मी तेवढ्यात उरकते. तो डोळे वटारतो, मी चालूच.

अशी चार वर्षं झाली. बाजारात हल्ली बायका माझ्याकडे येतात. पापलेट बघतात, घेत नाहीत, इकडे तिकडे बघतात. मग हळूच, "ताई, आमच्या ह्याला कुठलं बरं?" मी कोयता चालवत चालवत सांगते. रोज जाता येत असेल, गोळीवर भागत नसेल, तर पातळ औषध घे, बिनधास्त. वाकोल्यातल्याच एकीचा भाऊ त्याच्यावर उभा आहे, गॅरेज चालवतो. दूर जायचं काम असेल तर जिभेखालची गोळी, पण घड्याळ बघून. कुलपाची गोळी ज्याचं मन खरंच भरलंय त्याला, आणि चुकली तर जीव जातो हे लिहून ठेव. ठरवणार डॉक्टर, मी नाही. पण एक मी सांगते, "कधी सोडणार?" हे त्याला विचारू नकोस.

आणि मलाच ते पुन्हा ऐकायला लागलं, ह्याच वर्षी, श्रावणात.

पावसाळ्याची बंदी संपत आली होती. होडीवरच्या दोन खलाशांनी दिरांना सांगितलं, गोळीवरच्या माणसाबरोबर आम्ही जाणार नाही. दीर दुपारी घरी आले, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, "चार वर्षं झाली. आता तो बरा आहे. आता सोड म्हणावं. नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी होडी निघेल, निघायच्या आधी नारळावर हात ठेवून सगळ्यांसमोर बोलू दे, गोळी सोडली. नाय बोलला तर मना दुसरा माणूस घ्यावा लागेल."

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही ब्लडप्रेशरची गोळी सोडली?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? ती घेता म्हणून बरे आहात. हा घेतो म्हणून बरा आहे. सोडायचीच झाली तर डॉक्टरबाई आणि हा मिळून ठरवतील, हळूहळू, वर्ष लागलं तर वर्ष. नारळावर हात ठेवून नाही. वलांडीमागचा तो विसरलात?"

ते उठले. "विसरलो नाय. म्हणूनच बोलतोय. मला तो पूर्ण बरा बघायचाय."

नवरा कोपऱ्यात जाळं शिवत होता. मला माहीत होतं त्याच्या मनात काय आहे. दादाने मागितलेली शपथ त्याने आजवर कधी नाकारली नव्हती. आणि नारळावर घेतली असती तर पाळलीही असती, दोन-तीन दिवस, समुद्रात, कळा सोसत. मग किनाऱ्याला लागल्यावर काय, ते मला वलांडीमागे दिसलं होतं. आणि नाही घेतली तर होडी गेली, पुन्हा काठावर. त्या चार दिवसांत मी त्याच्याशी खूप भांडले. तो फक्त म्हणायचा, "बघू."

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी सगळे किनाऱ्यावर. बर्फ चढला, डिझेल चढलं, होडीला हार घातले. पाणी चढत होतं, होडी तरंगली होती. खलाशी वर जाऊन बसले. दीर नारळ घेऊन पुढे आले. आसपास माणसं जमली, बायका, म्हातारे, मोबाइल काढलेले दोघेतिघे. तमाशा बघायला कधी कोणाला बोलवावं लागत नाही.

"ये," दीर म्हणाले. "हात ठेव. बोल."

हा पुढे गेला. मनगट वर करून घड्याळ बघितलं. मग खिशातून कागदात गुंडाळलेली गोळी काढली, सकाळी मीच दिलेली, आणि सगळ्या गावासमोर तोंड उघडलं, जीभ वर केली, गोळी खाली ठेवली. तोंड मिटलं. आणि नारळाकडे बघत उभा राहिला.

अकरा वाजले होते.

"बोल," दीर म्हणाले. हा गप्प. "अरे, बोल ना! सोडली म्हण!" हा गप्प. मागून कोणीतरी म्हणालं, बघा, नाय बोलत, सुटणारच नाय त्याची. कोणीतरी गर्दुल्ला म्हणालं. तेव्हा मात्र माझा ताबा सुटला. मी मध्ये जाऊन उभी राहिले.

"तो बोलणार नाही," मी म्हटलं. "बोलला तर गोळी वाया जाईल. दहा मिनिटं थांबा. तुमच्यासाठी त्याने पन्नास शपथा घेतल्या, प्रत्येक शपथेला तुम्ही टाळ्या वाजवल्यात आणि प्रत्येक शपथेनंतर तो मरायला टेकला. ही एकच गोष्ट आहे जी तो चार वर्षं न चुकता करतोय, आणि तीच तुम्हाला सोडवायचीय? घ्या ना दुसरा माणूस. पण धार कधी फिरणार, जाळं कधी उचलायचं, हे ह्याच्याइतकं कळणारा आणा. आणि गर्दुल्ला कोण म्हणाला त्याने पुढे यावं, कोयता बाजारात राहिलाय पण हात इथेच आहेत!"

कोणी पुढे आलं नाही. पाणी होडीच्या कडेला आपटत होतं. दीर एकदा त्याच्याकडे बघत, एकदा पाण्याकडे. पाणी थांबत नाही, हे त्यांच्याएवढं कोणाला माहीत? पण ते थांबले. हातात नारळ धरून पूर्ण दहा मिनिटं थांबले.

मग माझ्या नवऱ्याने घड्याळ बघितलं, आवंढा गिळला, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "हां दादा. काय म्हणत होतास?"

दिरांनी त्याच्याकडे बघितलं. डोळे भरले होते त्यांचे, मी बघितलं. त्यांनी नारळ पाण्यात सोडला, होडीवर चढले, आणि त्या दोन खलाशांना म्हणाले, "ज्याला उतरायचंय त्याने आत्ता उतरावं." एक उतरला, एक बसून राहिला. मग ते सुकाण्याशी गेले आणि किनाऱ्यावर उभ्या असलेल्या भावाला ओरडले.

"बघतोस काय? सोड!"

गर्दीत कोणीतरी श्वास घेतला. मी पण.

"दोर सोड रे! पाणी फिरेल."

त्याने दोर सोडला आणि उडी मारून होडीवर चढला.